डोंगराचं माप

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात दादूशेट नावाचा एक खाणवाला राहत असे. डोंगराच्या पोटातले लोखंड काढून त्याने चांगले घर बांधले, मुलींची लग्ने केली. एक दिवस खाण संपली. मागे राहिला लाल, उघडा खड्डा.

राज्यात नियम होता: शेजारची न खोदलेली जमीन जितकी हिरवी, तितकीच खोदलेली जमीन हिरवी करून द्यायची. ते माप ठरवायला राजाने झाडपाल्याची जाणकार यमुनाक्का हिला पाठवले. ती दूरच्या गावची होती. तिने खाणीलगतचा उतार निवडला. ती डोळे मिटून खडा फेकी, आणि तो पडेल तिथे बांबूची चौकट ठेवून आतले गवत, झुडपे, रोपे मोजी. बहुतेक चौकटींत जेमतेम खुरटे गवत निघाले.

दादूशेटचा दिवाणजी खूश झाला. "शेट, सुटलो! एवढं तर एका पावसाळ्यात उगवेल."

दादूशेट मात्र अस्वस्थ झाला. तो उतार आदल्या वर्षी वणव्यात जळाला होता. पावसाने राख धुऊन नेली होती, म्हणून यमुनाक्काला ते कळले नव्हते.

"आपण कुठे खोटं बोललो?" दिवाणजी कुजबुजला. "जागा तिनेच निवडली."

"या डोंगराने मला ओंजळी भरभरून दिलं," दादूशेट म्हणाला. "आता परत देताना मी हात आखडता घेऊ?"

त्याने यमुनाक्काला वणव्याची हकिकत सांगितली आणि न जळलेल्या उतारावर नेले. माती तीच, ऊनही तेच. तिथे चौकटीत करवंदी होती, धायटी होती, ऐन-किंजळाची रोपे होती. माप कितीतरी पटींनी वाढले.

दादूशेटने कामाला सुरुवात केली. पण पहिल्याच पावसात माती वाहून गेली आणि रोपे मेली. पुढच्या वर्षीही तेच झाले. तो खड्ड्याच्या काठावर डोके धरून बसला.

तेवढ्यात गावातल्या बायका टोपल्या घेऊन चढून आल्या. कुणाकडे शेणखत होते, कुणाकडे रानातले बी. मागून पुरुष माती अडवणाऱ्या दगडी ताली घालायला आले.

"अहो, हे कशाला?" दादूशेट गडबडून म्हणाला.

"यमुनाक्काने सगळं सांगितलं आम्हाला," त्यांतली हौसाबाई म्हणाली. "शेट, तुम्ही डोंगराचं माप मारलं नाहीत. आमची गुरं, आमचं पाणी याच डोंगरावर. मग तुम्हाला एकटं कसं सोडू?"

ताली घातल्यावर माती थांबली. काही वर्षांत करवंदी फुलली, पाखरे आली. यमुनाक्काने पुन्हा चौकटी मांडल्या. माप पुरेपूर भरले.

गावकरी दादूशेटचे आभार मानू लागले. त्याने घाईने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते.

"डोंगराचे उपकार फेडायला निघालो होतो," तो म्हणाला, "आणि तुमचे नवे उपकार घेऊन बसलो."

तात्पर्य: ज्याने आपल्याला पोसले, त्याला परत देताना माप खरे आणि भरपूर ठेवावे; अशा कृतज्ञ माणसाच्या मदतीला चार हात आपणहून येतात.