हलव्याचा काटा

“...मग काटा का येत नाही?”

निरंजनने डबा उघडून द्वारकाकाकूंपुढे ठेवला. आत हलवा होता. पांढराशुभ्र, सगळे दाणे एकसारखे, आणि गुळगुळीत.

काकूंनी एक दाणा उचलून तोंडात टाकला. डोळे मिटले.

निरंजन वाट पाहत राहिला.

“गोड आहे,” काकू म्हणाल्या.

“काकू, साखर आहे. गोड असणारच!”

“हो का...”

द्वारकाकाकू साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्यांत राहत. वय ऐंशीच्या पुढे. संक्रांत जवळ आली की त्यांच्या ओटीवर शेगडी पेटायची. हलवा कसा करायचा हे विचारायला गावभरच्या लेकीसुना यायच्या. काकू कोणाला नाही म्हणत नसत. फारसं काही सांगतही नसत.

पुरुष शिकायला आला होता तो हा पहिलाच.

निरंजन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. त्याची मुलगी मुक्ता दहा महिन्यांची. तिची ही पहिली संक्रांत. तिला हलव्याचे दागिने घालायचे होते. घरात आजवर प्रत्येक बाळाचे दागिने निरंजनच्या आईने स्वतः केले होते. गेल्या श्रावणात आई गेली.

विकतचे आणू, असं घरात कोणीतरी म्हणालं. निरंजन म्हणाला, “नाही. मी करीन.”

चार वेळा केला. चारही वेळा गुळगुळीत.

“काकू, स्फटिक कसे तयार होतात हे मी बारा वर्षं शिकवतोय. पाक मोजून घेतला. आच मोजली. पाकात थर्मामीटर ठेवला होता. एक क्षण हात थांबवला नाही. बोटं बघा माझी.”

त्याने हात पुढे केला. बोटांची टोकं लाल झाली होती.

काकूंनी बोटं पाहिली. मग विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

“मी, ऋजुता, मुक्ता. आणि अप्पा, माझे वडील.”

“तू हलवा करतोस तेव्हा ती काय करतात?”

“त्यांना मी स्वयंपाकघरात येऊच देत नाही. अप्पांचा हात थरथरतो. ऋजुता बसली तर मुक्ता रडली की उठते. सगळा घाणा बिघडेल.”

“मग आत्ता बिघडला नाही वाटतं...”

निरंजनने डब्याला झाकण लावलं.

“उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन ये,” काकू म्हणाल्या. “आणि तो थर्मामीटर राहू दे घरी.”

दुसऱ्या दिवशी थंडी चांगली कडक होती. ओटीवर शेगडी, शेगडीत राखेखाली झाकलेले निखारे, वर पितळेची परात. परातीत मूठभर तीळ.

काकूंनी निरंजनला परातीपुढे बसवलं. स्वतः चमचाभर पाक तिळांवर सोडला.

निरंजनने बोटं फिरवायला सुरुवात केली. गोल, एका लयीत. पाक सुकला की काकू पुन्हा चमचाभर सोडायच्या. तीळ पांढरे झाले. पांढरे दाणे थोडे मोठे झाले. तास गेला.

गुळगुळीतच होते.

“हात उचल,” काकू म्हणाल्या.

“खाली लागेल, काकू.”

“उचल.”

“पण अजून...”

काकूंनी त्याचं मनगट धरलं आणि हात परातीबाहेर ठेवला. जशी एखाद्याच्या ताटातली वाटी उचलून बाजूला ठेवावी तसा.

“सूनबाई, तू ये गं.”

ऋजुताने मुक्ताला निरंजनच्या मांडीवर दिलं. हात धुतले, पदर खोचला, केस वर बांधले. तोवर परातीला कोणाचाच हात नव्हता. निरंजनला ते बघवेना. त्याने दोनदा हात पुढे केला, आणि दोनदा काकूंच्या नजरेने मागे घेतला.

ऋजुता बसली. चार-पाच चमचे पाक झाला. मग मुक्ता रडली. ऋजुता उठली.

“बघा!” निरंजन म्हणाला. “हेच म्हणत होतो मी.”

काकूंनी ऐकलंच नाही. “अप्पा, बसा तुम्ही.”

अप्पा दारातल्या खुर्चीवर बसले होते. ते दचकले. “मी? छे! माझा हात बघताय ना...”

“बघतेय. बसा.”

अप्पा सावकाश पाटावर बसले. त्यांची बोटं दाण्यांना लागली न लागली अशी हलू लागली. थरथरत्या हातामुळे दाणे नुसतेच इकडून तिकडे लोळत होते.

थोड्या वेळाने अप्पांचा हात थांबला.

“चाळीस वर्षं ती करत होती,” अप्पा म्हणाले. “साखर मी आणायचो. चांगली पांढरी बघून आणायचो. पण इथं... असा कधी बसलो नाही. तिने बसवलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.”



“अप्पा, हात...” निरंजन हळूच म्हणाला.

काकूंनी बोट ओठांवर ठेवलं.

अप्पांनी डोळे पुसले, बोटं धोतराला पुसली आणि पुन्हा हात घातला. मग आईने एकदा रागाच्या भरात पाकात मीठ कसं टाकलं होतं, ते सांगायला लागले. सांगताना हात थांबायचा. हसताना थांबायचा. ऋजुता हसून हसून भिंतीला टेकली. आईची ही गोष्ट निरंजनने कधी ऐकलीच नव्हती. तोही हसला, आणि परातीकडे बघायचं विसरला.

दुपारी ऋजुताच ओरडली. “अहो! हे बघा!”

निरंजन वाकला. एका दाण्यावर बारीकसं टोक आलं होतं. शेजारच्यावर दोन. मग दिसायलाच लागली. सगळ्या परातभर काटा फुटत होता.

निरंजन कितीतरी वेळ बघत राहिला.

“कोणाच्या हाताला आला, काकू?”

“मला काय विचारतोस? मी चहा पीत होते.”

निरंजनने एक दाणा तळहातावर घेतला. हळूहळू म्हणाला, “मी सारखा चोळत होतो. टोक धरायच्या आत मीच मोडत होतो. त्याला जरा स्वस्थ सोडायला हवं होतं...”

“असेल,” काकू म्हणाल्या. “तू शिकलेला आहेस.”

पुढचे तीन दिवस चौघंही काकूंच्या ओटीवर होती. निरंजन पाक सोडायचा आणि हात मागे घेऊन बसायचा. सुरुवातीला हात मांडीखाली दाबून धरायचा. तिसऱ्या दिवशी त्याची गरज पडली नाही.

मग दागिने ओवायला घेतले. ऋजुताने मुकुट केला, निरंजनने बाजूबंद. हार अप्पांनी मागून घेतला. सुईत दोरा घालायलाच त्यांना दहा मिनिटं लागली. निरंजन समोर बसून होता. सुई त्याने मागितली नाही. शेवटी दोरा गेला, तेव्हा अप्पांनी सगळ्यांकडे अशा ऐटीत पाहिलं की काकूंनासुद्धा हसू आलं.

संक्रांतीला निरंजन काकूंना रिक्षाने घरी घेऊन आला. मुक्ता काळ्या झबल्यात ऋजुताच्या मांडीवर बसली होती. डोक्यावर मुकुट, दंडांत बाजूबंद, गळ्यात अप्पांचा हार. हार थोडा वाकडा झाला होता, आणि काटा त्यालाच सगळ्यात सुरेख होता. शेजारणी जवळ येऊन बघत होत्या. निरंजन प्रत्येकीला सांगत होता, “हार अप्पांचा. अप्पांनी केलाय.”

बोरन्हाण झालं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे घरभर उडाले. गल्लीतली पोरं ते वेचायला तुटून पडली.

त्या गडबडीत निरंजनने फोटो काढायला फोन वर केला, आणि तसाच थांबला.

मुक्ताने हार दोन्ही मुठींत धरून तोंडात घातला होता. डोळे मिटून, मन लावून ती चोखत होती. ऋजुता दोरा धरून हसत होती. अप्पा टाळ्या वाजवत होते.

निरंजन धावला. हार सोडवून घेतला. मधले पाच-सहा दाणे ओले, चकचकीत, गोटीसारखे गुळगुळीत झाले होते.

“काकू...” तो म्हणाला. “काटे गेले हो.”

काकूंनी त्याच्या हातातला हार घेतला आणि पुन्हा मुक्ताच्या मुठीत दिला.

“गेले कुठे?” त्या म्हणाल्या. “पोचले.”