कुरणातला चर

"का नाही फुलली, बुवा?"

यज्ञेश्वर कमरेवर हात ठेवून उभा होता. प्रश्न गुरूंना होता, पण सूर जाब विचारल्याचा.

डोंगरावरच्या त्या मठाची एक रीत होती. ओढ्याकाठच्या कुरणात आश्विनात पांढरी लिली फुलायची. शिष्यानं अनवाणी जाऊन एक फूल आणायचं आणि ते फूल हातात असतानाच गुरूंनी तिथंच कुरणात येऊन अनुग्रह द्यायचा. फूल नाही तर अनुग्रह नाही. यज्ञेश्वर चांगली नोकरी सोडून त्यासाठीच इथं येऊन राहिला होता, आणि यंदा त्याची पाळी होती.

कुरणात मात्र नुसती पिवळी पडलेली पात.

"मी काही कमी केलं नाही," तो म्हणाला. "इथं गुडघाभर चिखल असायचा. गेल्या वर्षी तुम्ही घसरलात. म्हणून उन्हाळ्यात मी चर खणला. ओढ्याचं पाणी थेट खाली नेलं. आता सोवळ्याला डागसुद्धा लागत नाही."

"चर झकास आहे," रंगोबाबुवा म्हणाले. "अगदी सरळ."

बिचाऱ्याला ते कौतुकच वाटलं.

"मग लिलीचं काय बिनसलं?"

...

बुवांनी काठी गवतात टाकली. सोवळ्यानिशी ते चरात उतरले आणि मधोमध मांडी घालून बसले. पाणी त्यांच्या पाठीशी तटलं. मग चढत चढत काठावर आलं आणि कुरणात सांडायला लागलं.

"बुवा, हे काय आरंभलंत? उठा. गारठा बाधेल."

बुवांनी डोळे मिटले.

"मी दगड आणतो. बांध घालतो."

"दगड मागाहून."

...

सांडलेलं पाणी पिवळ्या पातीच्या बुडाशी शिरत होतं. यज्ञेश्वरानं वाकून पलीकडची माती चिमटीत घेतली; ती कोरडीठाक होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमचे कष्ट वाचतील."

"वाचले ना."

"...मी बसू का तिथं?"

बुवा उठले, काठावर आले, सोवळं पिळलं. त्यांच्या जागी यज्ञेश्वर बसला. पाणी बर्फासारखं होतं. त्याचे दात वाजायला लागले.

"म्हणजे यंदाचा अनुग्रह गेला," तो हळूच म्हणाला.

बुवा काठी उचलून मठाकडे निघाले होते. वळले नाहीत.

"चिखल झाला की हाक मार."