टिकलीचं अर्धं पान

गेनूमामांच्या चवळीत एक टिकली राहायची. कपाळावरची नाही हं, उडणारी टिकली. लाल लाल, पाठीवर काळे ठिपके. मोठी माणसं तिला ढालकिडा म्हणतात. म्हणू देत.

एका पानाखाली टिकलीने अंडी घातली. पिवळी पिवळी, मोहरीएवढी.

सकाळी बघते तर काय, पान अर्धंच! कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. हिरवी अळी पान खात होती.

"अळीबाई, अळीबाई, पान सोड. खाली माझी अंडी आहेत."

"नाही सोडणार. मला भूक लागलीय." कुरुम कुरुम.

टिकली रडली. थोडंसंच. मग उडाली, भिर्र भिर्र भिर्र.

तारेवर साळुंकी बसली होती.

"साळुंकीताई, साळुंकीताई,
अळी पान सोडेना,
माझ्या अंड्यांचं कसं व्हायचं?"

साळुंकी म्हणाली, "अळी मला आवडते. तू नाही, तू कडू लागतेस. पण शेतात तो माणूस उभा आहे ना! तो जाईल तेव्हा येईन."

माणूस कसला, बुजगावणं होतं ते. उभ्या काठीला आडवी काठी, वर मामांचा फाटका सदरा, त्यावर मडकं. टिकली उडाली, भिर्र भिर्र भिर्र.

"बुजगावणेदादा, बुजगावणेदादा,
अळी पान सोडेना,
साळुंकी येईना,
माझ्या अंड्यांचं कसं व्हायचं?"

बुजगावणं म्हणालं, "मी जाऊ कसा? मला पाय कुठे आहेत? सदरा नि मडकं काढलं, की मी नुसती काठी. पण सुतळीने करकचून बांधलंय. सुतळी सुटेल तेव्हा जमेल."

"सुतळीबाई, सुतळीबाई,
अळी पान सोडेना,
साळुंकी येईना,
बुजगावणं हलेना,
माझ्या अंड्यांचं कसं व्हायचं?"

सुतळी म्हणाली, "माझी गाठ हौसामामींनी मारली. त्या सोडतील तेव्हा सुटेन."

भिर्र भिर्र भिर्र. हौसामामी बांधाजवळ खुरपत होत्या.

"मामी, मामी,
अळी पान सोडेना,
साळुंकी येईना,
बुजगावणं हलेना,
सुतळी सुटेना,
माझ्या अंड्यांचं कसं व्हायचं?"

मामी म्हणाल्या, "सोडते की गं बाय. पेरणीला उभं केलेलं, पाखरांनी बी वेचू नये म्हणून. काढायचंच राहिलं बघ. पर बारीक गाठ मला दिसंना. चष्मा मिळंल तवा सोडीन."

चष्मा होता गेनूमामांच्या नाकावर. दोघांत मिळून चष्मा एकच. भिर्र भिर्र भिर्र.

"मामा, मामा,
अळी पान सोडेना,
साळुंकी येईना,
बुजगावणं हलेना,
सुतळी सुटेना,
मामींना गाठ दिसेना,
माझ्या अंड्यांचं कसं व्हायचं?"

मामा म्हणाले, "थांब जरा. औषधाची डबी वाचतोय. आज फवारायचंय. समदे किडे खलास."

समदे? म्हणजे टिकलीसुद्धा? आणि तिची अंडी? पण ती उडाली नाही. डबीवर जाऊन बसली, अक्षरांच्या मधोमध. मामांना पुढचं वाचताच येईना.

मामांनी चष्म्यातून बघितलं. नीट बघितलं.

"अगं, तू तर मावा खाणारी! चवळीचा रस पिणारे ते बारके काळे किडे. तू खातीस, तुझी पिल्लंबी खातात. मग मी मारतोय कुणाला? पाखरांना आपणच हाकललं, अन् अळीला औषध शोधतोय."

डबीचं झाकण लागलं. टप्प.

मामांनी चष्मा दिला.
मामींना गाठ दिसली.
सुतळी सुटली, सुर्रर्र.
मडकं उतरलं, सदरा उतरला, बुजगावण्याची झाली नुसती काठी.
काठीवर साळुंकी येऊन बसली. बसायला छानच होती की काठी.
साळुंकीने मान वाकडी केली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गट्टम!
अळीने पान सोडलं. सोडावंच लागलं.

एवढंसं पान उरलं होतं. पण उरलं होतं. अंड्यांना धक्का लागला नाही.

चार दिवसांनी अंडी फुटली. टिक, टिक, टिक. बाहेर आली काळी काळी इवली पिल्लं.

"आई, भूक."

"पान खायचं नाही हं," टिकली म्हणाली. "तो बघा मावा."

पिल्लं निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. टिकलीने पंख मिटले आणि ती गाढ झोपली. किती उडाली होती बिचारी! आता उठवू नका तिला.