चौकटीला न टेकलेला वेल

मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट फार फार जुन्या काळची आहे.

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक हाडवैद्य राहत असे. कड्यांचं आणि निसरड्या वाटांचं गाव ते. कुणाचं ना कुणाचं हाड मोडायचंच. वैद्य मोडलेलं हाड चाचपून जुळवी, बांबूच्या कामट्या लावून वर फडकं आवळी आणि त्याच दिवशी रोग्याच्या दाराशी वालाचं एक बी पेरी. वेल चढत चढत दाराच्या चौकटीला वर टेकला, की कामट्या सोडायच्या. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही.

"आत हाड भरताना दिसत नाही," तो म्हणे, "म्हणून वेलाकडे बघायचं."

वैद्याला एकच मुलगी होती, नऊ वर्षांची. तिची आई कड्यावरून पडून गेली होती. एके दिवशी कड्यावर करवंदं काढताना मुलगीही घसरली आणि तिची नडगी मोडली.

शेकडो हाडं जुळवलेल्या वैद्याने त्या दिवशी एकच नडगी तीनतीनदा चाचपली. मग त्याने हाड नीट बसवलं, मांडीपासून घोट्यापर्यंत कामट्या बांधल्या, दाराशी बी पेरलं.

वेल वाढू लागला तशी वैद्याची झोप उडाली. हाड सरळ जुळलं असेल ना? पाय टेकताच कट्कन वाजलं तर? एका सकाळी वेल चौकटीपासून वीतभर खाली दिसला. वैद्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याचा शेंडा खुडला. आणखी चारच दिवस, असं तो मनाशी म्हणाला. मग नवा कोंब वर आला. त्याने तोही खुडला. असे दोन महिने गेले.

मुलगी अंथरुणात पडल्या पडल्या बापाने शिकवलेली हाडं घोकत असे.

"कवटी मेंदूला राखते. बरगड्यांच्या बारा जोड्या काळीज आणि फुप्फुसं राखतात. बाबा, नडगी कुणाला राखते?"

"ती राखत नाही बाय, ती पेलते. अख्खं अंग पेलते."

"मग माझी सध्या काय करते?"

वैद्य उठून बाहेर गेला.

दाराशी एक म्हातारी डोक्यावरची मिठाची गोणी उतरवत होती. ती घाटाखालून मीठ वाहून आणी. तिचा मोडलेला पाय मागे वैद्यानेच जुळवला होता. तिने वेलाकडे पाहिलं.

"वैद्यबुवा, हा वेल आहे की झुडूप? आडवा एवढा फुटलाय, आणि वर जायचं नाव नाही."

"कीड लागली असेल."

"मोठी शहाणी कीड. नेमका शेंडाच खाते." म्हातारीने त्याचा हात धरून उलटा केला. अंगठ्याचं नख हिरवं झालं होतं.

वैद्याने हात मागे घेतला. "पुन्हा मोडला तर मावशी? मला एवढी एकच आहे."

"माझा पाय सोडलात तेव्हा मी टेकायला घाबरत होते. तुम्हीच दटावलंत. म्हणालात, हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे, त्यात रक्त फिरतं. भार पडला की ते भरीव होतं, पडून राहिलं की झिजतं. मनातल्या मनात मी तुम्हाला शिव्या घातल्या, पण उठले. ते काय फक्त लोकांच्या पायांसाठी होतं?"

वैद्य आत गेला आणि त्याने कामट्या सोडल्या. पाय बोरूसारखा बारीक झाला होता. गुडघा वाकत नव्हता. पण नडगीवरून बोट फिरवताच त्याला कळलं, की हाड सरळ जुळलंय आणि कधीचंच जुळलंय.

मुलगी भिंतीला धरून उभी राहिली. "बाबा, सोडा मला."

त्याला सोडवेना. शेवटी म्हातारीने त्याची बोटं एकेक करून सोडवली. मुलीने पाऊल टाकलं, डगमगली आणि पडली. वैद्याने डोळे घट्ट मिटले.

काहीच वाजलं नाही.

"नुसती पडलेय," मुलगी म्हणाली, आणि पुन्हा उठली.

त्या दिवशी त्यांनी दुसरं बी पेरलं. तो वेल चौकटीला टेकला तेव्हा कुठे मुलगी काठीशिवाय चालली. पुढे तीही हाडवैद्य झाली, बापाइतकीच नावाजली. पण गुडघा पुरता वाकला नाही तो नाहीच. रोग्याजवळ ती नेहमी पाटावर पाय लांब करून बसे. कुणी विचारलं तर म्हणे, "पाय कड्याने मोडला, तो बाबांनी जुळवला. गुडघा मात्र बाबांच्या भीतीने आखडला."

म्हातारा वैद्य ते ऐके आणि मान खाली घाली. तेव्हापासून त्या गावात रोग्याचा वेल त्याच्या स्वतःच्या दाराशी लावत नाहीत, घरच्यांच्या नखांपासून लांब, शेजाऱ्याच्या दाराशी लावतात.

तात्पर्य: हाड भार पेलूनच बळकट होतं, म्हणून मायेपोटीसुद्धा कुणाच्या वाट्याचा भार काढून घेऊ नये.