नदीची ओटी

पूर्वी सुवर्णतट नगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नावाड्याच्या घरी जन्मले होते. तेव्हा त्यांचे नाव सुतीर.

त्याच नगरात पुण्णक नावाचे वृद्ध पुजारी राहत. माणूस इतका सज्जन, की एखादा जीव पोटात जाऊ नये म्हणून पाणीसुद्धा पिवळ्या दुहेरी कापडातून गाळून पीत.

पूर ओसरला की तांदूळ-नारळाने नदीची ओटी भरायची आणि मगच नावा सोडायच्या, अशी तिथली रीत. पण एका पुरानंतर वळणावर नावा उलटू लागल्या, माणसे बुडाली. पुण्णकांनी सात दिवस उपास करून सांगितले, "आईची कूस रिकामी आहे. तिला ओटीत लेकरू हवंय." गेल्या वर्षी त्यांनी स्वतःची तान्ही नात पाळण्यात घालून नदीत सोडली. तिला माश्या बसू नयेत म्हणून गाळायचे कापड वर पांघरले. रडले, पण सोडली. तरी नावा उलटतच राहिल्या. या वर्षी पाळी चंपिकेच्या सहा महिन्यांच्या मुलीवर आली.

सकाळी सगळे नगर काठावर जमले. मुलगी चंपिकेच्या अंगावर पीत होती.

"पोट तरी भरू दे तिचं," चंपिका म्हणाली.

"भरू दे, बाई. घाई नाही," पुण्णक म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

तेवढ्यात सुतीर पुढे आले. "आजोबा, तोवर मी नदीलाच विचारून येतो."

"नदी काय तुझी मावशी लागते?" गर्दीतून कोणी टोमणा मारला.

"तिच्याच अंगाखांद्यावर वाढलोय. मावशीच म्हणा."

कमरेला दोर बांधून त्यांनी वळणावरच्या भोवऱ्यात उडी घेतली. बराच वेळ दोर हलेना. मुलगी पिऊन झोपली, तरी चंपिकेने तिला दुसऱ्या बाजूला घेतले. उगाचच, वेळ निघावा म्हणून.

सुतीर वर आले तेव्हा कपाळातून रक्त वाहत होते. "बैल आणा," एवढेच म्हणाले.

बैलांनी ओढले तसा पुरात वाहून आलेला अर्जुन वृक्षाचा प्रचंड बुंधा मुळांसकट बाहेर आला. यावरच नावा आपटत होत्या. त्याच्या मुळांत एक मोडका पाळणा अडकला होता. पाळण्याला पिवळे कापड.

पुण्णकांनी खाली बसून ते कापड सोडवले. "मी पाणी गाळून पीत होतो रे," ते म्हणाले.

सुतीर त्यांच्याजवळ बसले. "आजोबा, तुमची भक्ती खरी होती. म्हणून तर तुम्हाला कोणी अडवलं नाही. मीसुद्धा नाही. गेल्या वर्षीच पाण्यात उतरायला हवं होतं मी."

चंपिकेने मुलगी पुण्णकांजवळ नेली नाही. पण ओंजळभर पाणी मात्र नेऊन दिले. पुढे जगले तोवर, पूर ओसरला की पुण्णक आधी स्वतः पाण्यात उतरून काठीने तळ चाचपून पाहत. मग ओटी, मग नावा.

भिक्षूंना एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. मग म्हणाले, "कडक व्रते पाळणारा हा भिक्षू समोर खाली मान घालून बसला आहे, तोच तेव्हाचा पुण्णक. दारापाशी लेकराला थोपटणारी उपासिका, ती चंपिका. आणि पाण्यात उतरलेला नावाडी मी होतो."

स्वतःचा जीव पणाला लावून आधी खरे काय ते पाहणे, ही त्या जन्मीची प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता.