मास्तरांचा पांढरा तेरडा

"एकही नाही, बुवा? सगळा उतार फुललाय आणि पांढरं एकही नाही?"

जोतीराम मास्तर तिसऱ्यांदा तेच विचारत होते.

पाटणच्या वरच्या अंगाला, पठारावर महादेवाचं एक दगडी देऊळ आहे. त्याच्या मागच्या उतारावर भाद्रपदात रानतेरडा कमरेएवढा माजतो. गुलाबी, राणी रंगाचा, फिकट जांभळा, आणि त्यात कुठं कुठं पांढरा. तो कुणी लावत नाही, त्याला कुणी पाणी घालत नाही.

देवळाच्या पायरीवर भैरूबुवा वाती वळत बसले होते.

"न्हाई खरं," ते म्हणाले.

मास्तर खालच्या गावात शाळेत विज्ञान शिकवायचे. तीन वर्षं रोज सकाळी चढ चढून बुवांकडे यायचे. बुवांचे शिष्य म्हणवून घ्यायचे आणि बुवांपेक्षा चौपट नियम पाळायचे. बुवा हाताला येईल ते फूल पिंडीवर ठेवत. मास्तरांनी पहिल्याच महिन्यात ते बंद पाडलं. महादेवाला पांढरंच, हा त्यांचा दंडक.

बुवा "बरं" म्हणाले होते. वाद घालायला त्यांना कधी वेळ नसायचा.

आज मास्तर दीक्षा मागायला आले होते. घर, बायको शालन, सात वर्षांची मुलगी, सगळं सोडून कायमचं इथंच राहायचं ठरवून आले होते. आणि नेमकं आजच वाहायला फूल नव्हतं.

"गुराख्यांनी नेली असतील का?"

"त्यास्नी काय करायचीत?"

"मग माझ्याच सेवेत काही उणं पडलं." मास्तरांनी खरोखर हात जोडले. "गेल्या वर्षी एक दिवस चुकलो नाही, बुवा. एक पांढरं फूल झाडावर राहू दिलं नाही. शेवटचं संपेपर्यंत रोज आलो."

"व्हय. म्या बगितलंय. समदी दिलीस."

"मग?"

"हे झाड किती दिसाचं असतं, मास्तर?"

मास्तर जरा सावरले. प्रश्न त्यांच्या विषयातला होता.

"एका हंगामाचं. पावसात उगवतं, फुलतं, बी टाकतं आणि दिवाळीच्या सुमाराला वाळून जातं. पुढच्या वर्षी पुन्हा बियांतूनच उगवतं."

"आन् बी कुटं धरतं?"

"फूल गळून गेलं की त्याच जागी बोंड..."

बुवांनी हात लांब केला. शेजारच्या गुलाबी तेरड्याचं एक फुगलेलं बोंड दोन बोटांत धरून हलकेच दाबलं. ते फट्‌कन फुटलं. बिया मास्तरांच्या सदऱ्यावर उडाल्या.

मास्तर त्या झटकायला गेले आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

...

हा धडा त्यांनी सोळा वर्षं शिकवला होता. फळ्यावर आकृती काढून, भागांना नावं देऊन. मला इथं मास्तरांची कीव येते. शहाण्या माणसाला स्वतःचंच शिकवणं असं अंगावर यावं, हे काही बरं नव्हे.

"मीच संपवली," ते म्हणाले.

"तू कशाला? तू तर देवाला दिलीस."

बुवा हसत नव्हते. ते पुन्हा वाती वळायला लागले.

"कुटंच ऱ्हायलं न्हाई?"

मास्तर घुटमळले. "आहे. आमच्या घरामागं, परड्यात. धुण्याच्या दगडापाशी."

"तुजं ध्यान न्हवतं?"

"होतं की. गेल्या वर्षी तिथं एक झाड उगवलं होतं. शालनला रोज सांगायचो, फुलं काढून माझ्या परडीत ठेव. तिनं ठेवली नाहीत. म्हणाली, राहू द्या की, धुणं धुताना बघायला बरं वाटतं."

"मंग?"

"मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही."

"आन् यंदा?"

"यंदा नऊ रोपं आलीत. अजून कळ्यांतच आहेत."

बुवांनी मान हलवली. उतारावर वारा सुटला होता आणि तेरड्याची फुलं पानांखाली हलत होती.

मास्तरांनी एकदम पिशवीत हात घातला. कोरी भगवी छाटी काढली आणि दोन्ही हातांनी बुवांच्या पुढ्यात ठेवली. तिची घडीही मोडलेली नव्हती.

"झालं ते झालं, बुवा. आता मला अर्धवट काही द्यायचं नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. पोरगी आजोळी राहील. ती नऊ झाडंही उद्या खुडून आणतो, एक कळी मागं ठेवत नाही. तेवढी दीक्षा द्या."

"शालनला सांगितलंस?"

"काल सांगितलं."

"काय म्हनली?"

"काही नाही. धुणं धूत होती."

"वर बगितलं?"

मास्तर आठवू लागले.

"मी थांबलो नाही," ते हळूच म्हणाले.

...

बुवांनी वाती बाजूला ठेवल्या. छाटी उचलली, घडी मोडली. दोन्ही टोकं धरून ताणून पाहिली. कापड घट्ट होतं. मग वितीनं लांबी मोजली. मास्तर गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले, मान पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काही सुचत नव्हतं, आणि ते भ्याले होते.

खांद्यावर कापड पडलं नाही. त्यांनी डोळे उघडले. बुवांनी छाटी गुंडाळून त्यांच्या हातात दिली होती.

"दीक्षा, बुवा?"

"त्या नऊ रोपांच्या भोवतीनं चार काठ्या रोव आन् हे गुंडाळ. शेळ्या तोंड घालत्यात."