इंजिनाचा तुरा

आगगाड्या कोळसा खात आणि पाणी पीत चालायच्या, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्याच डोंगराच्या माथ्यावर दुसरं. पायथ्याला नदी होती. माथ्यावर नुसता कातळ. होळी झाली की वरच्या विहिरी तळ दाखवायच्या, आणि मग पाऊस पडेपर्यंत माथ्याच्या माणसांचा सगळा भरवसा एका छोट्या आगगाडीवर. पुढे एक इंजिन, मागे पाण्याच्या चार टाक्या, दिवसातून एक फेरी.

त्या इंजिनाचा ड्रायव्हर पायथ्याला राहायचा. बायको लवकर गेली, मागे एकच लेक. ती त्याने माथ्याच्या गावात दिली. आळीतल्या बायकांनी त्याला तोंडावर विचारलं होतं, "अहो, चूळ भरायला पाणी नाही तिथं पोर देता? नदीकाठची स्थळं काय संपली?"

तो मिशीवर हात फिरवून म्हणाला होता, "माझी गाडी चालते तोवर माझ्या लेकीचा हंडा रिकामा राहायचा नाही."

चारचौघांत बोललेला शब्द तो. पण पाळला हो त्याने. सहा वर्षं पाळला. जावई सालस होता, सासू मायाळू होती, आणि हंडा एकदाही रिकामा राहिला नाही.

आता त्या मुलखातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथे ड्रायव्हरची किंमत तुऱ्यावरून व्हायची. इंजिनात वाफ दट्ट्या ढकलते, चाकं फिरवते, आणि काम झालं की धुराड्यातून भक्‌भक् करत बाहेर पडते. तिचा पांढरा तुरा आभाळात उभा राहतो. ज्याचा तुरा उंच, तो ड्रायव्हर मोठा. गाडी सुटायच्या वेळी रिकामटेकडी मंडळी फाटकापाशी जमायची आणि माना वर करून बघायची. माथ्यावरच्या बायकाही गाडी वर येते त्या खिंडीकडे डोळे लावून बसायच्या. तुरा दिसला की हंडे-कळश्या रांगेत. आणि आपल्या ड्रायव्हरचा तुरा असा, की तसा तुरा मागच्या तीन ड्रायव्हरांनी काढला नव्हता म्हणे. म्हाताऱ्यांनी कौतुक केलं की हा माणूस दिवसभर गालातल्या गालात हसायचा. त्याला दुसरं व्यसन नव्हतं. हे एवढंच.

त्या वर्षी मात्र ऊन माघातच येऊन बसलं. विहिरी होळीच्या आधीच आटल्या. त्यात कोळसाही निम्माच येऊ लागला. निम्म्या कोळशात चार टाक्या वर न्यायच्या कशा? ड्रायव्हर कपाळाला हात लावून इंजिनाच्या मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्री वयाने मोठा, बोलायला कमी. त्याची बायको चुलीपाशी गवारीची भाजी करत होती. पातेल्यावर ताट झाकलेलं, ताटात पाणी. मिस्त्रीने तिकडे बोट दाखवलं.

"तुझी वहिनी काय करते आहे, बघितलंस?"

"भाजी करताहेत. मी इथं मरणाच्या चिंतेत आहे आणि तुम्ही मला जेवायला बसवताय?"

"अहो, त्यांना नीट सांगा की," बाई म्हणाली. "भावजी, भाजीची वाफ अशीही वायाच जाते. ती या ताटाला लागते, ताटातलं पाणी फुकटात तापतं. मग तेच भाजीत ओतायचं. थंड पाणी ओतलं की भाजीचा कढ मोडतो, आणि मोडलेला कढ परत आणायला आणखी चार लाकडं जातात. एवढं तर लग्नाआधी आईनं शिकवलं मला."

मिस्त्री म्हणाला, "तुझं इंजिन रोज तेच करतं. कढत्या बॉयलरला थंडगार पाणी पाजतं, आणि गरम वाफ आभाळात सोडून देतं. त्या वाफेच्या वाटेत पाणी ठेवू या."

आठ दिवस खपून त्याने तांब्याच्या नळ्यांची एक पेटी केली आणि धुराड्याच्या अंगाला बसवली. काम झालेली वाफ पेटीत शिरायची, टाकीतलं पाणी त्या वाफेवर तापायचं, आणि मग बॉयलरमध्ये जायचं. पेटीला एक दांडा होता. उघडा असेपर्यंत पेटी चालू. बंद केला की सगळी वाफ पहिल्यासारखी धुराड्यातून वर, आणि बॉयलरला पाणी थंड.

"हा दांडा कशाला ठेवलात?" ड्रायव्हरने विचारलं.

"पेटी धुवायला लागली तर. चढावर त्याला हात लावू नकोस. आजवर पाणी कायम थंडच जायचं, ते बॉयलरच्या नळ्यांनी सोसलं; पण गरमाची सवय झाल्यावर लाल भट्टीवर मधेच थंड पाणी गेलं की पत्रा आकसतो, नळ्यांची तोंडं सुटतात. एकदा सुटली की बॉयलरचं पाणी विस्तवात पडतं. मग तू आणि तुझा देव."

पहिल्या दिवशी गाडी निम्म्या कोळशात वर पोहोचली, आणि वर कोळसा उरलाही. भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन ड्रायव्हरच्याच वयाचा, वीस वर्षं बरोबर काढलेला. फावडं टेकवून म्हणाला, "दोस्ता, आज माझी कंबर मिस्त्रीला दुवा देतेय. वीस वर्षांत पहिल्यांदा ताठ उभा राहिलोय बघ."

पण तुरा? तुरा उदबत्तीच्या धुरासारखा. बारीक, वाकडा, लगेच विरणारा. निम्मी वाफ पेटीतच कामाला लागलेली, आभाळात जाणार कोण? वरच्या बायकांना गाडी आलेली कळलीच नाही. हंडे घरात, बायका घरात. लेक धावत आली तेव्हा तिचा पदर खांद्यावर नव्हता.

"अण्णा, अहो, कळलंच नाही आलात ते! मांजरासारखे आलात आज!"

ती हसून म्हणाली होती. त्याला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी पायथ्याला फाटकापाशी न्हावी उभा होता, आणि त्याच्या जिभेचं काय सांगावं!

"ड्रायव्हरदादा, इंजिनाला दमा लागला की काय? अडुळशाचा काढा पाजा!"

"अरे, तुरा उपटला कुणीतरी त्याचा," दुसरा म्हणाला. "बोडका केलाय."

सगळे हसले. ड्रायव्हरही हसला, पण त्या दिवशी त्याने डबा तसाच घरी परत नेला. निम्म्या कोळशात चार टाक्या पाणी वर गेलं, हे कुणी बघितलं नाही. ते दिसण्यासारखं नव्हतंच ना!

मग त्याने काय करावं? स्टेशनातून सुटताना दांडा बंद. फाटक ओलांडलं की उघडा. खिंडीपाशी पुन्हा बंद, माथ्याच्या बायकांना तुरा दिसावा म्हणून. त्याने मनाशी म्हटलं, त्यांना तुरा दिसला तर हंडे वेळेवर येतील, यात वाईट काय? आणि ते खोटं नव्हतं. म्हणूनच तर त्याला ते सोडवेना.

पंधरा दिवसांनी फायरमन भट्टीत वाकून बघत म्हणाला, "नळ्या घाम गाळताहेत. दोन ठिकाणी थेंब दिसतात. तू तो दांडा चढावर बंद करू नकोस."

"दोन थेंबांनी काय होतंय?"

"मिस्त्रीला सांगू?"

"सांगितलंस तर तो दांड्याला कुलूप घालेल. आधी जत्रा होऊ दे. मग त्याला दाखवू."

पायथ्याच्या देवीची जत्रा वैशाखात असायची. त्या दिवशी इंजिनाला हार घालत, नारळ फोडत, आणि दहा गावचे लोक चढाच्या कडेने उभे राहून गाडी बघत. वर माथ्यावर तेव्हा शेवटच्या विहिरीत खरवडून चिखल निघत होता. जत्रेसाठी इंजिन रंगवायला गाडी दोन दिवस बंद होती, ते दोन्ही दिवस माणसांनी माणशी तांब्याभर पाण्यावर काढले होते. गुरांना तेवढंही नव्हतं.

गाडी सुटताना गर्दी ओरडली, "तुरा! तुरा!"

त्याने दांडा बंद केला. भक्‌भक् करत पांढरा तुरा उभा राहिला, आणि लोकांनी टोप्या उडवल्या. फाटक मागे गेलं. पण पुढच्या वळणावर लोक होते. त्याच्या पुढच्या वळणावरही होते. बायाबापड्या पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होत्या. दांडा उघडायला त्याला जागाच सापडेना. खरं तर हात जवळच होता, पण तो जाईना.

"उघड तो दांडा!" फायरमन ओरडला. "कोळसा संपत आला!"

"एवढं वळण जाऊ दे."

बॉयलरच्या काचेतलं पाणी उतरलं. त्याने पंप सोडला. भर चढावर, लाल भट्टीवर, नदीचं थंड पाणी. मग पुन्हा सोडला. खिंडीच्या अलीकडे, माथा हाकेवर दिसत असताना, आत काहीतरी फटकन वाजलं. मग सटासट वाजत गेलं. नळ्यांची तोंडं सुटली. कढतं पाणी विस्तवात कोसळलं, भट्टीच्या दारातून वाफेचा लोट आला, आणि फायरमनचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. उरलेली सगळी वाफ धुराड्यातून एकदम वर गेली.

असा तुरा त्या डोंगराने कधी पाहिला नव्हता. ढगाएवढा. खाली जत्रेत लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर माथ्यावर बायकांनी हंडे काढले, रांग लावली, आणि वाट बघत बसल्या.

गाडी येईना. ऊन कलायला लागलं तेव्हा त्या हंडे घेऊन रुळांवरून खाली चालत आल्या. इंजिन थंड उभं होतं. चाकांना दगड लावलेले. टाक्या भरलेल्या होत्या, म्हणून त्यांनी तिथेच तोट्या सोडून हंडे भरायला घेतले. लेकही आली. बापाच्या अंगावर राख, मिशी भाजलेली. ती त्याच्या पायापाशी हंडा ठेवून म्हणाली,

"अण्णा, केवढा तुरा होता हो आज! सासूबाई म्हणाल्या, तुझ्या बापानं आज दोन फेऱ्यांचं पाणी आणलं बघ."

त्याने भाजलेल्या मिशीवर हात फिरवला. म्हणाला, "नळ्या जुन्या होत्या, पोरी."

तेवढ्यात मिस्त्री डोंगर चढून धापा टाकत आला. त्याने फायरमनचे हात बघितले. मग इंजिनावर चढला, पेटीपाशी गेला, आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, "दांडा बंद आहे."

फायरमन मान खाली घालून बसला होता. लेकीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बापाकडे. भरलेला हंडा डोक्यावर घेतला आणि वर चालू लागली.

त्या चार टाक्यांचं पाणी पाच दिवस पुरलं. दुसरं इंजिन त्या रुळांसाठी नव्हतं. नव्या नळ्या दूरच्या शहरातून यायच्या, त्यांना महिने लागणार. घाटात बैलाची वाट नाही, नुसती शेळ्यांची पायवाट. गडी माणसांनी पखाली खांद्यावर घेऊन दोन-तीन दिवस पाणी वर नेलं, पण चढता चढता निम्मं तेच पीत. पाण्यावाचून चढणार कसे बिचारे! सहाव्या दिवशी गावाने देव उचलले आणि खाली उतरायला सुरुवात केली. गुरं वाटेत बसली ती बसलीच. म्हातारी माणसं झोळीत घालून आणली. लेकीची सासू अर्ध्या वाटेवर, भर दुपारी, झोळीतच गेली. तिच्या ओठांना लावायला लेकीपाशी पदराचा ओला कोपरा होता. तोही तोवर वाळलेला.

पायथ्याला बाप नदीचं पाणी घागरीत भरून उभा होता. सगळ्यांच्या ओंजळीत पाणी घालत होता. लेक आली तशी म्हणाला, "माझ्याकडे राहा बाय. जावयालाही घेऊन ये. नदी आहे, घर आहे."

ती पाणी प्यायली. ओंजळ पुसली.

"नको अण्णा. तुमच्या घरी घोटभर प्यायले तरी मला सासूबाई दिसतील."

ती नवऱ्याबरोबर कालव्याच्या मुलखात गेली, पाच दिवसांच्या वाटेवर. माथ्याचं सगळं गाव तिकडेच गेलं. पाऊस पडला, विहिरी भरल्या, तरी कुणी परत आलं नाही. एका धुराड्याकडे डोळे लावून पुन्हा कोण जगणार?

पौषात नळ्या आल्या. मिस्त्रीने इंजिन उभं केलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "एकदा चालवून बघ."

तो एकटाच चढला. फायरमनचे हात आता फावडं धरत नव्हते, म्हणून कोळसाही त्यानेच टाकला. गाडी सुटल्यापासून दांडा उघडा. बॉयलरला पाणी गरम गेलं, वाफेचा जोर एकदाही पडला नाही, आणि गाडी चार टाक्या घेऊन आवाज न करता माथ्यावर जाऊन उभी राहिली. निम्माही कोळसा संपला नव्हता. अशी फेरी त्याने उभ्या आयुष्यात मारली नव्हती.

फलाटावर गवत वाढलं होतं. घरांची दारं लोकांनी सरपणाला काढून नेली होती. त्याने सवयीने शिट्टी दिली. मग खाली उतरून टाक्यांच्या तोट्या एकेक करून सोडल्या. पाणी कातळावरून वाहत कडेपर्यंत गेलं आणि खाली पडलं. टाक्या रिकाम्या होईपर्यंत तो तिथे उभा होता.

खाली आल्यावर मिस्त्रीने विचारलं, "कशी चालली?"

"चांगली चालली," तो म्हणाला. "कुणासाठी चालवायची, तेवढं सांगा."

पुढच्या वर्षी रूळ उखडून नेले.

तात्पर्य काय, तर जी ऊब आपल्या माणसांच्या कामी यायची, ती लोकांनी वाहवा करावी म्हणून आभाळात सोडू नये. टाळ्या वाजवणारे संध्याकाळी घरी जातात. तहानेने मरतात ती आपलीच माणसं, आणि नंतर आलेलं शहाणपण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.